लवचिक सोलर पॅनेलवर छापलेले वॉट खरे किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फूड व्हॅनच्या टपावर, ई-रिक्षाच्या छतावर किंवा दुकानाच्या पत्र्यावर लावायला काचेचं जड पॅनेल नको म्हणून लवचिक पॅनेल घेणारे इंदुरात बरेच आहेत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच असते, छापलेले वॉट कधी मिळतच नाहीत. यात काही वेळा पॅनेल खोटं असतं आणि काही वेळा अपेक्षाच चुकीची असते. खालची उत्तरं प्रामुख्याने हा फरक ओळखण्यासाठी आहेत.

१०० वॉटचं पॅनेल घेतलं, एप्रिलच्या भर दुपारी ७२ वॉट दाखवतंय. फसवलं का?

बहुधा नाही. पॅनेलवरचा आकडा ठरावीक प्रयोगशाळेतल्या परिस्थितीचा असतो. त्यात ऊन चौरस मीटरला १००० वॉट आणि सेलचं तापमान २५ अंश धरतात. इंदुरात एप्रिलमध्ये हवाच ४० अंशांची असते आणि पत्र्याला चिकटवलेल्या लवचिक पॅनेलचे सेल ७५ अंशांपर्यंत सहज तापतात. सिलिकॉन सेलची शक्ती दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४० टक्के घटते. ५० अंश जास्त तापले म्हणजे जवळपास १९ टक्के तिथेच गेले. ऊन ९५० धरलं तर १०० × ०.९५ × ०.८१, म्हणजे ७७ वॉट. त्यातून वायर आणि कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणारा डबा) आपला वाटा घेतात. उरलेले ७२ वॉट हे प्रामाणिक पॅनेलचं लक्षण आहे.

तेच पॅनेल डिसेंबरात सूर्यासमोर तिरकं धरा, सेल ४५ अंशांवर राहतील आणि ८५ ते ८८ वॉट दिसतील. पण डिसेंबरात सपाट ठेवलं तर पुन्हा घसरगुंडी. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४४ अंशच वर येतो, त्यामुळे सपाट पॅनेलला थेट उन्हाचा ७० टक्क्यांच्या आसपासच भाग मिळतो.

मग खोटं पॅनेल ओळखायचं कसं?

मीटर नंतर, आधी मोजपट्टी. एका चौरस मीटरवर १००० वॉट ऊन पडतं आणि चांगल्या मोनो सेलची (एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनच्या सेलची) कार्यक्षमता २२-२३ टक्के असते. कडा, सेलमधल्या फटी आणि जंक्शन बॉक्सची (जिथून वायर बाहेर येतात त्या डबीची) जागा वजा केली की चांगल्या लवचिक पॅनेललाही चौरस मीटरमागे १८० ते २०० वॉटच जमतात. लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये काढा आणि २०० ने गुणा. छापलेला आकडा त्याच्या बराच वर असेल तर मीटर बाहेर काढायचीही गरज नाही.

एक नेहमी दिसणारा नमुना घ्या. स्टिकरवर २०० वॉट, १८ व्होल्ट. माप १०६० × ५४० मिलिमीटर, म्हणजे ०.५७ चौरस मीटर. गुणाकार ११४ वॉट. आता सेल मोजा. सहा ओळी, प्रत्येकीत सहा, एकूण ३६. प्रत्येक तुकडा १६६ × ८३ मिलिमीटर, म्हणजे १६६ मिलिमीटरचा सेल मधोमध कापलेला. अशा तुकड्याचं क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस सेंटिमीटर. पूर्ण उन्हात सिलिकॉन चौरस सेंटिमीटरला ४० ते ४२ मिलिअँपिअर करंट देतं, म्हणून एका तुकड्यातून साडेपाच, फार तर पावणेसहा अँपिअर. सेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असल्याने अख्ख्या पॅनेलचा करंटही तेवढाच. १८ व्होल्टवर २०० वॉट हवे तर ११ अँपिअर लागतात, आणि त्यासाठी असे ७२ तुकडे हवेत. हे पॅनेल १०० ते १०८ वॉटचं आहे. पॅनेल म्हणून ते चांगलंही असेल, खोटा आहे तो स्टिकर.

ऑनलाइन घेताना माप हातात नसतं. जाहिरातीतून काय पकडता येईल?

माप बहुतेक वेळा दिलेलं असतं, आपणच वाचत नाही. वरचा गुणाकार ऑर्डर देण्याआधी करा. मग हे तपासा: कमाल शक्तीचं व्होल्टेज गुणिले त्याच वेळचा करंट बरोबर छापलेले वॉट यायला हवेत. शिवाय ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता येणारं) गुणिले शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) केल्यावर छापलेले वॉट त्या गुणाकाराच्या ७५ ते ८० टक्के असावेत. ८५ टक्क्यांच्या वर असतील तर आकडे कुणीतरी टेबलावर बसून लिहिले आहेत. शॉर्ट सर्किट करंट आणि कमाल शक्तीचा करंट एकच छापला असेल तर तेही तसंच.

"६०० वॉट किट" असं लिहिलेलं असेल तर किटमध्ये पॅनेल किती आहेत ते पाहा. काही वेळा ६०० हा आकडा सोबतच्या इन्व्हर्टरचा किंवा कंट्रोलरचा असतो.

इंदुरातल्या महाराणी रोडवर दुकानदाराने मीटर लावून २२ व्होल्ट दाखवले. मग पॅनेल ठीकच असणार ना?

त्यातून फक्त एवढं कळतं की पॅनेल तुटलेलं नाही. काहीही न जोडता मोजलेलं व्होल्टेज दुकानाच्या दारातल्या सावलीतही जवळपास पूर्ण येतं, कारण ते मुख्यतः सेलच्या संख्येवर ठरतं, क्षेत्रफळावर नाही. सेलच्या छोट्या ३६ तुकड्यांचं दहा वॉटचं पॅनेलही २२ व्होल्ट दाखवेल. करंट मोजून मागा, तोही रस्त्यावरच्या उन्हात.

घरी चाचणी करायला काय काय लागेल?

दहा अँपिअरची सोय असलेला मल्टिमीटर, किंवा त्याहून बरा डीसी क्लॅम्प मीटर. घेताना "डीसी" हा शब्द ठासून सांगा, स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. तापमानासाठी इन्फ्रारेड गन किंवा मल्टिमीटरसोबत येणारी थर्मोकपलची तार. उन्हाचा अंदाज घ्यायला नामांकित कंपनीचं छोटं काचेचं पॅनेल, किंवा सोलर पॉवर मीटर. शक्ती मोजायला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलला कमाल शक्तीच्या बिंदूवर चालवणारा) आणि अर्धी रिकामी बॅटरी, नाहीतर हातात मावणारा पॅनेल टेस्टर, जो स्वतःच कमाल शक्तीचा बिंदू शोधून व्होल्टेज, करंट आणि वॉट दाखवतो. या टेस्टरमध्ये तीन-चार टक्क्यांचा फरक गृहीत धरा.

चाचणी नेमकी कशी करायची?

पॅनेल आधी पुसून घ्या. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर कोरड्या फडक्याने लगेच टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात. गच्चीवर अशा जागी ठेवा जिथे पाण्याच्या टाकीची, डिश अँटेनाची किंवा कपड्यांच्या दोरीची सावली येणार नाही. दोरीची रेघही चालत नाही. पॅनेल सूर्याकडे सरळ करण्यासाठी त्यावर पेन उभं धरा. पेनाची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर. काचेचं पॅनेल त्याच कोनात शेजारी ठेवा आणि दोन्ही १५-२० मिनिटं तापू द्या. सावलीतून आणल्या आणल्या घेतलेला आकडा फुगलेला असतो.

मग काचेच्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट घ्या. पॅनेलवर जाड चादर टाका, मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये जोडा, चादर काढा, आकडा वाचा, चादर परत टाका. उघड्या उन्हात जोडणी तोडली तर डीसीचा स्पार्क होतो आणि सोलर वायरच्या टोकाला असलेल्या एमसी-फोर कनेक्टरची पिन जळते. मल्टिमीटर या सॉकेटवर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. पॅनेलवर छापलेला करंट नऊ अँपिअरच्या वर असेल तर मल्टिमीटर नकोच, क्लॅम्प वापरा. पाठोपाठ लवचिक पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट करंट आणि लोडवरचे (कंट्रोलर किंवा टेस्टर जोडून) कमाल वॉट घ्या, आणि मागच्या बाजूचं तापमान तीन-चार ठिकाणी टिपा. हे सगळं पाच मिनिटांत उरका, कारण ऊन बदलत असतं. शेवटी काचेच्या पॅनेलचा करंट पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तर ती फेरी बाद समजा.

आलेल्या आकड्यांचा हिशेब कसा लावायचा?

समजा काचेच्या पॅनेलवर शॉर्ट सर्किट करंट ६.०० अँपिअर छापलाय आणि मीटरवर ५.६० आला. भागाकार ०.९३३. तापलेल्या सेलचा करंट किंचित वाढतो, दर अंशाला सुमारे ०.०५ टक्के. ४० अंशांच्या फरकाला दोन टक्के, म्हणून १.०२ ने भागा. आलं ०.९१५, म्हणजे ऊन चौरस मीटरला ९१५ वॉट.

लवचिक पॅनेल ७३ वॉट देतंय, पाठ ६२ अंश. सेल पाठीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो, म्हणून ६५ धरा. २५ च्या वर ४० अंश, गुणिले ०.३८ टक्के, म्हणजे १५.२ टक्के घट, गुणक ०.८४८. आता ७३ भागिले ०.९१५ भागिले ०.८४८. उत्तर ९४ वॉट.

स्टिकरवर १०० असेल तर या पॅनेलबद्दल तक्रार करू नका. मीटरची चूक, उन्हाच्या मोजणीची चूक आणि नव्या पॅनेलची पहिल्या काही दिवसांच्या उन्हात होणारी एक-दोन टक्के घट यांतच ती सहा टक्के बसतात. आमचा निकष असा: दुरुस्त केलेला आकडा ९० टक्क्यांच्या वर असेल तर पॅनेल चांगलं, ८५ ते ९० असेल तर दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करा, आणि ८५ च्या खाली दोनदा आला तर विक्रेत्याला गाठा.

मध्यान्ह म्हणजे बाराच ना?

इंदुरात नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि इंदूर ७५.९ च्या जवळ, त्यामुळे सूर्य सरासरी साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आत, तर फेब्रुवारीत पाऊण वाजण्याच्या जरा आधी. साडेअकरा ते दीड हा वेळ चाचणीला चांगला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. तेव्हा सपाट पॅनेलही चालतं, ढगांनी सवड दिली तर.

ढग असलेल्या दिवशी १०८ वॉट दिसले! म्हणजे पॅनेल जास्त चांगलं?

नाही. सूर्य मोकळा असताना शेजारच्या पांढऱ्या ढगाच्या कडेवरून परावर्तित ऊनही पॅनेलवर पडतं आणि काही सेकंद ते १००० च्या वर जातं. पावसाळ्यात हे नेहमी घडतं. स्क्रीनशॉट काढून जाहिरातीत टाकायला असे क्षण उपयोगी पडतात, एवढंच.

माझ्याकडे साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे. त्यावरचा आकडा चालेल?

चालणार नाही, आणि पॅनेलवर येणारा खोटा आळ बहुतेक वेळा इथूनच येतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली ओढलं जातं. ५.५ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे ७२ वॉट, पॅनेल अस्सल १०० चं असलं तरी. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला १८ व्होल्टवर चालवून जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. डब्यावर "एमपीपीटी" छापलेले स्वस्त कंट्रोलर आतून पीडब्ल्यूएम निघतात, तेव्हा हेही तपासा: चार्जिंग चालू असताना पॅनेलच्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखंच आलं तर तो पीडब्ल्यूएमच.

बॅटरी भरत आली असेल तर एमपीपीटीसुद्धा करंट कमी करतो. चाचणीआधी बॅटरी निम्म्यावर आणा.

पोर्टेबल पॉवर स्टेशनला जोडलं तर ९५ च्या वर जातच नाही. दोन पॅनेल लावले तरी तेवढंच.

पॉवर स्टेशनच्या इनपुटची मर्यादा पाहा. मॅन्युअलमध्ये "कमाल १०० वॉट" किंवा "कमाल १० अँपिअर" असं लिहिलेलं असतं. यात पॅनेलचा काही दोष नाही.

वायरमुळे किती जातं?

पॅनेल छतावर आणि बॅटरी दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं झालं. दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरमध्ये ५.५ अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट पडतात, म्हणजे १८ पैकी जवळजवळ आठ टक्के. चार चौरस मिलिमीटरच्या सोलर वायरमध्ये तीन टक्के. काही लवचिक पॅनेलसोबत जाड आवरणाच्या आत केसासारखं तांबं असलेली वायर येते; टोक सोलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एका कोपऱ्यावर सावली आली की निम्म्याहून जास्त पॉवर जाते. हे बिघडल्याचं लक्षण आहे का?

मालिकेतला एक सेल झाकला की त्या मालिकेचा करंट अडतो. जंक्शन बॉक्समध्ये बायपास डायोड असतील तर तेवढाच भाग वगळला जातो, आणि ३६ सेलच्या पॅनेलला दोन डायोड असायला हवेत. स्वस्त पॅनेलमध्ये एकच असतो, किंवा नसतोच. तपासायला अवघड नाही. लोडवर असताना एक सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाका. वॉट साधारण निम्मे झाले तर डायोड काम करतायत, जवळपास शून्यावर आले तर नाहीत. तो सेल फार वेळ झाकून ठेवू नका. डायोड नसेल तर झाकलेला सेल तापतो आणि वरचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं.

पॅनेल थेट पत्र्याला चिकटवू का?

चिकटवता येतं, पण उष्णतेचा सगळा तोटा पत्करून. आठ-दहा मिलिमीटरचा पोकळ पॉलिकार्बोनेट शीट मध्ये घाला. त्याच्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवा आणि दोन्ही टोकं उघडी सोडा, म्हणजे हवा वाहते. चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते टाळा, त्यातलं आम्ल धातूच्या पट्ट्या गंजवतं. फक्त चार कोपऱ्यांच्या भोकांतून दोरीने बांधलेलं पॅनेल वैशाखातल्या वावटळीत फडफडतं, आणि त्या फडफडण्यानेच सेल चिरतात.

लवचिक म्हणजे किती वाकवता येतं?

मोनो सेल लवचिक नसतो. तो दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉन जाडीचा, पापडासारखा ठिसूळ स्फटिक असतो. लवचिक आहे ते वरखालचं प्लॅस्टिक. व्हॅनच्या टपाच्या हलक्या गोलाईवर एकदा बसवायचं आणि तसंच ठेवायचं, इतकाच त्याचा अर्थ. रोज गुंडाळायचं असेल तर पातळ थराचं सीआयजीएस पॅनेल घ्या. ते खरंच वाकतं, पण तेवढ्याच वॉटला जागा जास्त लागते आणि दाम जास्त. ज्या मोनो सेलच्या पाठीवर पूर्ण तांब्याचा थर असतो ते सेल चिरले तरी करंट बराचसा चालू ठेवतात. अशा सेलच्या दर्शनी भागावर चंदेरी रेघा दिसत नाहीत.

पहिल्या वर्षी ठीक होतं, आता निम्मंच देतंय. का?

तीन जागा पाहा. वरचा थर पिवळसर, धुरकट किंवा बुडबुडे आलेला असेल तर तो बहुधा पीईटी या साध्या प्लॅस्टिकचा आहे. मध्य भारतातल्या उन्हात पीईटी लवकर जातो, म्हणून खरेदीच्या वेळी ईटीएफई हे उन्हात जास्त टिकणारं प्लॅस्टिक मागा. बोटाखाली त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत, मधाच्या पोळ्यासारख्या नक्षीचा लागतो. नक्षी नक्कल करता येते हे खरं, पण गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग दिसला तर शंका घ्याच.

दुसरं, पॅनेल लोडवर असताना इन्फ्रारेड गन एकेका सेलवरून फिरवा. शेजाऱ्यांपेक्षा १५-२० अंशांनी तापलेला सेल म्हणजे तडा किंवा सुटलेली सोल्डरिंग. तिसरं, ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट दोन्ही ठीक, पण लोड टाकताच व्होल्टेज कोसळतं, असं असेल तर आतल्या पट्टीचा किंवा जंक्शन बॉक्समधल्या सांध्याचा रोध वाढलाय. जंक्शन बॉक्स उघडून सांधा पुन्हा सोल्डर करता येतो. सेलमधली पट्टी तुटली असेल तर पॅनेल टाकाऊ.

बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का असला की निर्धास्त?

भारतात विकल्या जाणाऱ्या सोलर पॅनेलना बीआयएस नोंदणी सक्तीची आहे; मोनो पॅनेलच्या स्टिकरवर आयएस १४२८६ हा मानक क्रमांक आणि नोंदणी क्रमांक शोधा. क्रमांक बीआयएसच्या ॲपवर टाकून तो कुठल्या कंपनीचा आहे ते पाहा, कारण काचेच्या पॅनेलचा क्रमांक लवचिक पॅनेलवर छापणं फार सोपं आहे.

प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत लवचिक पॅनेल चालेल का?

ऑनलाइन मागवलेलं आयात पॅनेल चालणार नाही. या योजनेच्या अनुदानाला, तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपये, भारतात बनलेल्या सेलचेच पॅनेल लागतात. पक्क्या स्लॅबच्या घरावर लवचिक पॅनेलचा हट्ट तसाही कशाला? वजन पेलणार असेल तर काचेचं घ्या.

विक्रेता पैसे परत द्यायला तयार नाही. पुढे?

जाहिरातीचा आणि स्टिकरचा फोटो, मोजपट्टी लावलेल्या पॅनेलचा फोटो, सेलची संख्या, आणि बिल. खोट्या आकड्याच्या प्रकरणात मोजपट्टीचा फोटो मीटरच्या व्हिडिओपेक्षा वजनदार ठरतो, कारण त्यात "ऊन कमी होतं" म्हणायला जागा नसते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. तोवर पॅनेल छतावर चिकटवू नका, चिकटवलेलं परत घेणार नाही असं सांगून विक्रेता हात वर करतो.